खरी प्रत कुणाची?

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या कारभारात नाक खुपसू नये, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण वाद जेव्हा ‘खरी प्रत कोणती?’ या मुद्द्यावर येऊन ठेपतो, तेव्हा तो आमच्याच आळीतला वाद असतो. तिथे आम्ही बोलायचे नाही, तर कुणी?

आमच्या वसईतल्या काही तरुण मंडळींनी कादोडी बोलीचा शब्दकोश करायला घेतला आहे. निर्मळ, गास, भुईगाव, उमराळे, नंदाखाल या पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती ही बोली बोलतात. शब्द जमवायचे आणि कोश, त्याच्या प्रोग्रॅमसकट, सर्वांना खुला ठेवायचा. कुणीही घ्यावा, दुरुस्त करावा. हेतू उत्तम. पण पहिला शब्द नोंदवण्याआधीच मंडळी भांडायला बसली. कशावरून? तर वही कोणत्या पद्धतीने ठेवायची यावरून!

वाचकहो, भानगड फारशी अवघड नाही. दहा जण एकच लिखाण दुरुस्त करू लागले, की कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. बिघडलेच तर मागे जाता यावे लागते. जुनी रीत अशी की मूळ वही एका ठिकाणी, आणि सगळ्यांच्या नोंदी तिथेच व्हायच्या. ‘सबव्हर्जन’ ही व्यवस्था त्या थाटाची. नवी रीत विकेंद्रित. प्रत्येकाजवळ सबंध वही, पहिल्या पानापासूनच्या सगळ्या खाडाखोडीसकट. आपापल्या प्रतीत काम करावे आणि मग एकमेकांच्या दुरुस्त्या जुळवून घ्याव्यात.

जुनी रीत आम्हां मराठीवाल्यांना चांगली ठाऊक आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी पदरची ओवी घुसडू नये म्हणून सज्जड इशाराही देऊन ठेवला. एक संपादक, एक शुद्ध प्रत. एकनाथांचा अधिकारच तेवढा, म्हणून ते शोभले. आमच्या कोशाला एकनाथ कुठून आणायचा? एकाच वस्तूचे नाव या गावात एका तऱ्हेने उच्चारतात, पलीकडच्या गावात दुसऱ्या तऱ्हेने. मूळ वही ज्याच्या घरी, त्याच्या घरची बोली शुद्ध आणि इतरांची ती अपभ्रष्ट, असे ठरायला कितीसा वेळ लागतो? ज्यांच्या बोलण्याला प्रमाण मराठीवाले आजवर हसत आले, त्यांनी आपसांत तोच खेळ पुन्हा मांडावा, हे काही माझ्या मनाला पटेना.

शिवाय एकच प्रत ठेवण्यातला धोका निराळा. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज हाती नाही! ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांवर, आणि अशाच नकलांवरून तो १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला.

हे ऐकल्यावर विकेंद्रित रीत सर्वांना मान्य झाली. आता विकेंद्रितांत कोणती? इथे खरी कुस्ती. गिट की मर्क्युरिअल? दोन्ही एकाच महिन्यातली भावंडे. लिनक्सचे कर्ते ‘बिटकीपर’ नावाची खाजगी कंपनीची व्यवस्था फुकट वापरीत होते. एप्रिल २००५ मध्ये ती सवलत गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट रचायला घेतले आणि मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल.

मी दोन्ही चाळून पाहिली. मर्क्युरिअलच्या आज्ञा सुबोध, घरगुती. गिटच्या म्हणजे पाणिनीची सूत्रे. शेजारी भाष्यकार बसलेला हवा. माझा कौल मर्क्युरिअलला होता. तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, चांगलं कोणतं हा प्रश्नच नाही. उद्या नंदाखालचा मुलगा मदतीला आला, तर त्याला काय येत असेल?”

मुद्दा बिनतोड. पायथनवाल्यांनी २००९ मध्ये गिट, बझार आणि मर्क्युरिअल यांची रीतसर तुलना करून मर्क्युरिअल निवडले. त्यांनाही २०१७ मध्ये गिटहबवर बिऱ्हाड हलवावे लागले. ‘बिटबकेट’ने तर २०२० मध्ये मर्क्युरिअलचा आश्रयच काढून घेतला. बहुमतापुढे व्याकरणही नमते, हे आम्ही वर्गात शिकवतोच. गिट ठरले.

पण गिटहब म्हणजे गिट नव्हे, एवढे मी बजावून ठेवले. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने आपल्या देशात ३२ संकेतस्थळे अडवली गेली, त्यांत गिटहबचे पत्तेही होते. नंतर वाट मोकळी झाली, हे खरे. पण ज्याच्याजवळ सबंध प्रत, त्याचे काम अशा वेळी अडत नाही. आमच्याकडे जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्यात गेले, गाड्या थांबल्या, वीजही गेली. अशा दिवसांत बॅटरीत जीव असेतो शब्द नोंदवता येतात आणि पाणी ओसरल्यावर जुळवता येतात. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही. पण तो योग निराळा.

राहिला प्रश्न जुळवणीचा. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, तर गिट दोन्ही पाठ समोर ठेवते आणि हात जोडून थांबते. निवाडा माणसाने करायचा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पसंतीचा पाठ वर आणि इतर पोथ्यांचे पाठभेद तळाशी छापले. मंडळींनी याच्याही पुढे जायचे ठरवले आहे. तळाशी कुणालाच बसवायचे नाही. दोन्ही रूपे शेजारी शेजारी, प्रत्येकापुढे गावाचे नाव. जुळवणीचा अधिकार दोघांकडे: एक मुलगी निर्मळची, एक मुलगा गासचा; दोघांची सही झाल्याशिवाय ओळ आत जायची नाही. पहिल्या आठवड्यात चाळीस शब्द आले. त्यांतले एकतीस आत गेले आहेत. उरलेल्या नवांवर दोघे अजून बोलताहेत, आणि तेही कादोडीतच.