रिकाम्या बाकाची चौकशी

जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात. उरलेल्या महाराष्ट्रात तोवर आठवडा-दीड आठवडा घंटा वाजलेली असते. आपल्याला ऊन उतरायची वाट पाहावी लागते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, नव्या मुलांच्या हातात गुलाबाचं फूल आणि पुस्तकांचा संच, एखाद्या गावात सजवलेल्या बैलबंडीतून मिरवणूक. फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाईलवर पोचतात. मी भंडारा जिल्ह्यातल्या हायस्कुलांत सव्वीस वर्षं शिकवतो आहे, त्यातली बहुतेक वर्षं आठवीचा वर्गशिक्षक म्हणून. त्या फुलाशी माझं भांडण नाही. फूल दिलं म्हणजे पोर शाळेचं झालं, या समजुतीशी आहे.

आपल्याकडे पुष्कळ गावांतली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते. पुढचं शिक्षण दुसऱ्या गावात. गावच्या शाळेत दोन-तीन शिक्षक असतात. कुणाचे वडील नागपूरला कामाला गेलेत, कुणाच्या घरी म्हैस व्यायली, सगळं त्यांना ठाऊक असतं. तिथून निघालेलं तेरा वर्षांचं पोर हायस्कुलात येतं तेव्हा वर्गाच्या तीन तुकड्या असतात, दर तासाला नवा चेहरा येतो आणि त्याचं नाव हजेरीपटावरचा सत्तेचाळिसावा क्रमांक होऊन बसतं. काल जो गावच्या शाळेत वर्गनायक होता, त्याला आज पाण्याची टाकी कुठे आहे हे विचारायचीही लाज वाटते.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते असं: पोरं आहेत, आपोआप रुळतात. पालक म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, आम्ही शिक्षक तर रोज म्हणतो. यात तथ्य नाही असं कसं म्हणू? शंभरातली बरीच रुळतात. पण ती कोणती, हे एकदा नीट पाहा. ज्याचा थोरला भाऊ दहावीत आहे तो रुळतो. ज्याच्या गावची पाच-सहा पोरं एकाच वर्गात आली ती रुळतात. जो रोज येतो तो रुळतो. उरलेल्यांचं आपोआप काहीच होत नाही, आणि त्याचं कारण आपल्या जिल्ह्याच्या पंचांगातच आहे.

शाळा उघडते जूनच्या अखेरीस. जुलै लागला, पाऊस धरला की धानाची रोवणी सुरू होते. बांधीत चिखल करायचा, पऱ्हे उपटायचे, पेंड्या बांधायच्या, वाकून वाकून रोवायचं. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग घरातले सगळे हात चिखलात. आई दुसऱ्याच्या बांधीत रोजीला गेली तर घर आणि धाकटं भावंड मोठ्या मुलीच्या गळ्यात. म्हणजे ज्या तीन-चार आठवड्यांत वर्गात बाकं ठरतात, जोड्या जमतात, कबड्डीचा संघ निवडला जातो, शिक्षकांना नावं पाठ होतात, नेमक्या त्याच आठवड्यांत आमची सगळ्यांत गरजू पोरं वर्गात नसतात. ती परत येतात तेव्हा शाळा भरून गेलेली असते. जागा असते, ती मागच्या भिंतीशी, नकाशांच्या गुंडाळ्यांजवळ.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्गात आली. नखांच्या कडांत काळा चिखल बसलेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यामुळे चपलेचा पट्टा मोकळा ठेवून पाय ओढत चालायची. मी हजेरी घेतली, तिनं ‘हजर’ म्हटलं. जुलैच्या रकान्यांत मी तिच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी मांडली होती आणि त्या महिन्यात एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की ही पोरगी आहे कुठे. हा माझा दोष आहे. पुढच्या आठवड्यात परिपाठात बातम्या वाचायची पाळी तिच्यावर आली. तिनं वाचलं, आणि तिच्या तोंडून ‘काळे’चं ‘कारे’ झालं, ‘पाणी’चं ‘पानी’ झालं. रांगांतून हसू फुटलं. तिनं कागद घडी करून मुठीत धरला आणि उरलेली बातमी वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो जाणती माणसं घेतात: शाळेत प्रमाण भाषा यायलाच हवी, चार पोरं हसली तर सुधारेल. प्रमाण भाषा यायला हवी हे मला शंभर टक्के मान्य आहे. मी स्वतः मराठीच शिकवतो. पण हसण्यानं भाषा सुधारलेली मी एकदाही पाहिली नाही. हसण्यानं पोर गप्प होतं, आणि गप्प पोराची कुठलीच भाषा सुधारत नाही. शिवाय हसणाऱ्यांच्या घरीही तीच बोली आहे. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. तो त्या बोलीचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं, तिचा शब्दकोश केला. १९९२ पासून झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरत आली आहेत. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना हीच बोली रात्र-रात्र मंडप भरून लोक ऐकतात. मग ती शाळेच्या पटांगणात आल्याबरोबर चेष्टेची का होते? मराठीच्या शिक्षकानं पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन रकाने आखावेत, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द, आणि दोन्ही मुलांकडूनच भरून घ्यावेत. एका तासाचं काम आहे. मी ते फार उशिरा सुरू केलं.

तिसरं म्हणणं सरकारी फायलींतून येतं: अडचण अंतराची आहे, ती सुटली की सगळं सुटलं. मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आली, आठवीपासून सायकली मिळाल्या, एस.टी.चा पास फुकट झाला. या सोयींचं मोल कमी लेखणारा माणूस कधी पावसात सहा किलोमीटर चाललेला नसतो. या बसनं किती मुलींची लग्नं चार वर्षं पुढे ढकलली असतील, कोण मोजणार! पण बस पोराला फाटकापर्यंत आणते. फाटकाच्या आत आणायचं काम बसचं नाही. उलट बसचं वेळापत्रकच तिला आतल्या गोष्टींपासून तोडतं. शाळा सुटते पाचला, बस निघते पाच-दहाला. आणि आमच्याकडे शाळेतलं जे जे जिवंत, ते सगळं पाचनंतर: कबड्डीचा सराव, लेझीम, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम. बसची मुलगी रोज त्यातून उठून पळते. डिसेंबरात यादी लागते तेव्हा तिचं नाव कुठेच नसतं आणि आम्ही म्हणतो, बाहेरगावच्या पोरांना हौसच नाही.

याच बसकडे एकदा उलट बाजूनं पाहिलं आणि माझे डोळे उघडले. बसची मुलं संध्याकाळी सर्वांत आधी जातात, पण सकाळी येतातही सर्वांत आधी. साडेदहाच्या शाळेला बस सव्वानऊलाच आणून सोडते. सव्वा तास ही पोरं बंद खोल्यांच्या पायऱ्यांवर बसून राहायची, पावसात वळचणीला अंग चोरून उभी राहायची. शाळेचा सव्वा तास रोज त्यांच्याकडे पडून होता आणि आम्ही त्याला कुलूप घालून ठेवलं होतं.

ती परिपाठातली मुलगी पाचव्या दिवशी परत आली. मी तिच्या गावी जाऊन आलो होतो. बांधीच्या धुऱ्यावर उभ्या-उभ्या तिचे वडील म्हणाले, “रोवना झाला का धाडतो जी सर.” रोवणी तिथे चार दिवसांपूर्वीच संपली होती, त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पोरगी घराच्या दारात उभी होती. मी तिला भाषेबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, ग्रंथालयाचं कपाट सकाळी उघडायला कुणीतरी पाहिजे, तू सगळ्यांच्या आधी येतेस, किल्ली तुझ्याकडे ठेव. कपाट कसलं, गोदरेजचं एक जुनं कपाट, दीडशे पुस्तकं, खालच्या फळीला गंज. सोबत एक वही, कुणी काय नेलं ते लिहायला. पहिल्या आठवड्यात तीन पोरं आली, महिन्यात बसची सगळी. पुस्तक द्यायचं म्हणजे नाव विचारावं लागतं, गाव विचारावं लागतं, परत आणलं नाही तर दम द्यावा लागतो. दिवाळीपर्यंत तिला तिन्ही तुकड्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. ती एक दिवस तापानं आली नाही तर कपाट बंद राहिलं, आणि दहा पोरं मला विचारायला आली. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी हजेरीपटात काय नोंदवत नव्हतो. ज्याच्या नसण्यानं काही अडतं, ज्याचा रिकामा बाक पाहून कुणीतरी चौकशी करतं, तोच त्या शाळेचा असतो. बाकीचे पटावर असतात.

ही काही माझी नवी शोधून काढलेली विद्या नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात अठरापगड जातींची खेड्यातली पोरं एकत्र राहिली, एकत्र शिजवून एका पंगतीत जेवली. त्या पोरांना शाळा आपली वाटावी म्हणून कुणी भाषण दिलं नसेल. पाणी त्यांनी भरलं, भाकऱ्या त्यांनी थापल्या. ते घर त्यांच्यावाचून चाललंच नसतं.

मात्र काम देतो म्हणताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. झाडू कुणाच्या हातात जातो आणि माईक कुणाच्या हातात? व्हरांडा झाडायला, पाण्याची टाकी भरायला नेहमी ठरावीक वस्तीची पोरं उभी होतात, आणि पाहुण्यांचं स्वागत, सूत्रसंचालन, पंधरा ऑगस्टचं भाषण शिक्षकांच्या नाहीतर दुकानदारांच्या मुलांकडे. याला सहभाग म्हणायचं धाडस कुणी करू नये. सगळी कामं पाळीनं सगळ्यांकडे गेली पाहिजेत, झाडूसुद्धा आणि माईकसुद्धा.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शाळा शिकायला आहे, नववी म्हणजे दहावीची पायाभरणी, या आपलेपणाच्या गोष्टींत वेळ कुठे घालवता? असं म्हणणारे अभ्यास आणि आपलेपणा दोन वेगळ्या कपाटांत ठेवतात. अमेरिकेत जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी ११ शाळांतल्या १,३०४ सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सहावीला मुलं नव्या, मोठ्या शाळेत जातात. त्यांना आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: आम्हालाही भीती वाटली होती, मग हळूहळू ओळखी झाल्या. त्यावर मुलांनी स्वतःचं लिहायचं. वर्षभरात असे लेखनाचे दोनच छोटे प्रसंग. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या गैरहजेऱ्या, नापास विषय आणि शिस्तीच्या तक्रारी, तिन्ही इतरांपेक्षा कमी निघाल्या. आपली परिस्थिती वेगळी आहे हे खरं. पण दोन तासिकांत नववीच्या पोरांनी आठवीतल्यांना पत्रं लिहायची, त्यात काय अडचण आहे? मी लिहून घेतली. एकानं लिहिलं होतं, ‘पहिले पंधरा दिवस मी डबा कुलरच्या मागं बसून खाल्ला.’ ते पत्र वाचून वर्गात जी शांतता पसरली तिच्यात अभ्यासच होता.

डब्यावरून आठवलं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. मोफत शिक्षणाचा कायदाही चौदा वर्षांवर थांबतो. आठवीपर्यंत सगळी पोरं एका ओळीत बसून एकच खिचडी खातात. नववीत पाऊल टाकलं की ती ओळ मोडते. कुणाच्या डब्यात भाजी-पोळी, कुणाकडे डबाच नाही. जेवणाच्या सुट्टीत ‘भूक नाही’ म्हणत पटांगणाला चकरा मारणारी पोरं मी दरवर्षी पाहतो. शाळेतली सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी पंगत सरकारनं नेमकी त्या वर्षी उठवली आहे जेव्हा पोरगं शाळा सोडण्याच्या काठावर उभं असतं. दहावीपर्यंत खिचडी मिळाली पाहिजे. त्याला पैसे लागतील, लागू द्यात.

शिक्षकांकडे वेळ नाही, हेही ऐकतो. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहित्या, रोज नवा तक्ता. हे गाऱ्हाणं खोटं नाही, मी स्वतः रात्री अकराला माहिती भरत बसतो. पण किल्ली द्यायला मला एक मिनिट लागलं. स्नेहसंमेलनाची तालीम शेवटच्या दोन तासिकांत घ्यायला मुख्याध्यापकांची एक सही लागली. रोवणीनंतर परतलेल्या पोरांसाठी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बाकं नव्यानं लावायला अर्धा तास लागतो, आणि कबड्डीची निवड जुलैऐवजी पोळ्याच्या आसपास घ्यायला तेवढाही नाही.

किल्ली यंदा आठवीतल्या एका मुलाकडे आहे. वैनगंगेकाठचं गाव, घरी मासेमारी. वर्गात फारसा बोलत नाही. वही मात्र अशी ठेवतो की खाडाखोड सापडत नाही. मागच्या मंगळवारी तो आला नाही. दहा वाजायच्या आत तीन पोरी स्टाफरूमच्या दारात.

“नाई आला जी सर तो.”

“बस आली ना त्याची?”

“बस आली. तो नाई आला.”

मी फोन काढून त्याच्या गावच्या गुरुजींचा नंबर शोधू लागलो. पोरी तिथेच उभ्या राहिल्या.