चकाचक म्हणजे स्वच्छ नव्हे!

हे वाचून आमचे काका म्हणणार, "झालं गेलं, आता कशाला उगाळतोस?" काका, रागावू नका, पण उगाळणार आहे.

काकांची जुनी फोक्सवॅगन बीटल घरातल्या सगळ्यांना माहीत आहेच. गेल्या वर्षी तिचं इंजिन उघडलं आणि क्रँककेसचे दोन्ही अर्धे भाग साफ करून रंगवायला एका वर्कशॉपमध्ये दिले. संध्याकाळी जाऊन बघतो तर एक भाग ॲसिडच्या टबात फसफसतोय. मालक कौतुकाने म्हणाले, "बघा साहेब, कशी घाण निघतेय!"

अहो, घाण कसली? धातू निघत होता तो!

बीटलचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. दिसायला ॲल्युमिनियमसारखंच, पण बरंच हलकं (घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७). शंका असेल तर कोपऱ्यात जरा खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. फसफसलं तर मॅग्नेशियम. मग लगेच धुऊन टाकावं. एवढी दोन मिनिटं कुणालाच नव्हती.

गंमत म्हणजे या दोन धातूंचे स्वभाव उलटे आहेत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, मॅग्नेशियमला फारसं काही करत नाही. म्हणजे तेलकटपणा काढायला अल्कलीचं पाणी चालतं (हातमोजे, चष्मा घालूनच!), बाथरूमचं ॲसिड अजिबात नाही. लोखंडी ब्रशही नको. त्याचे कण पृष्ठभागात रुततात, ओल लागली की त्यांच्याभोवतीचं मॅग्नेशियम गंजतं आणि रंगाला फोड येतात. मग आपण शिव्या देतो रंगाच्या कंपनीला!

पण माझा खरा राग वेगळाच आहे. दुसरा अर्धा भाग एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा ग्राइंडरवर घासत होता. तोंडाला रुमाल, पायाशी करड्या भुकटीचा ढीग, शेजारी पाण्याची बादली. अखंड केस सहजासहजी पेटत नाही, हे खरं. भुकटी मात्र एका ठिणगीने पेटते, आणि पेटत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर हायड्रोजन निघून आग भडकते. १९५५ साली ल मान्सच्या शर्यतीत अपघात झालेल्या मर्सिडीजची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. पाणी मारल्यावर ती आग आणखी भडकली. अशा वेळी लागते कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर. त्या पोराला हे कुणी सांगितलं होतं? त्याची बादली तर त्याचाच घात करणारी!

मालकांचं म्हणणं, "गिऱ्हाइकाला घाई असते आणि चकाचक माल हवा असतो." खोटं नाही. मीही "कधी देताय?" एवढंच विचारलं होतं, "कसं करताय?" नाही. पण गिऱ्हाईक अडाणी म्हणून कारागिरानेही अडाणी राहायचं?

नीट काम फार अवघड नाही. तेल काढा, भरपूर पाण्याने धुवा, मग गरम करून पूर्ण वाळवा. ओतीव धातूच्या छिद्रांतलं तेल गरम केल्यावर बाहेर येतं, ते पुन्हा पुसा. मग मॅग्नेशियमला चालणारी रासायनिक प्रक्रिया करा. जुनी क्रोमेटची पद्धत उत्तम चालते, पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने कॅन्सर होतो, म्हणून आता क्रोमियमविरहित प्रक्रिया बघाव्यात. आणि उघडा धातू रात्रभर न ठेवता त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. जिथे दोन अर्धे एकमेकांवर बसतात तिथे रंगाचा थेंबही नको, कारण मध्ये गॅस्केट नसतं.

मूळ बीटलचं उत्पादन २००३ साली मेक्सिकोत थांबलं. काकांच्या केसच्या बेअरिंगच्या बैठकीत आता खड्डे आहेत. त्यावर रंग मात्र झक्कास बसलाय!

असो. केस दुसरी मिळेल कदाचित. त्या पोराचे हात मिळणार नाहीत. म्हणून मंडळी, पुढच्या वेळी काम देताना आधी "हा धातू कोणता?" असं विचारा. समोरचा गडबडला, तर वस्तू उचला आणि घरी या.