कुस्तीच्या नियमबदलांविषयीचा वाद (सातारा व सांगली)

कुस्तीच्या नियमबदलांविषयीचा वाद हा पश्चिम महाराष्ट्रातील, विशेषतः सातारा व सांगली जिल्ह्यांतील, कुस्तीशौकिनांमध्ये दीर्घकाळ चालत आलेला वाद आहे. विजेता लाल मातीवरील निकाली कुस्तीने ठरावा की गुणांच्या आधारे, हा त्याचा मुख्य विषय होय. २०२२ ते २०२५ या काळातील महाराष्ट्र केसरी स्पर्धांमुळे या वादाला नव्याने धार आली. वरकरणी तो माती विरुद्ध मॅट असा दिसतो. मात्र निकाल प्रेक्षकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा की पंचांच्या निर्णयावर विश्वास ठेवून तो स्वीकारावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील पुसेगाव, सांगली जिल्ह्यातील कुंडल यांसारख्या गावांमध्ये जत्रा व मैदानांच्या निमित्ताने कुस्त्या भरवण्याची परंपरा आहे. मैदानी कुस्तीत जोड ठरवून आणि इनाम जाहीर करून लढत लावली जाते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवले की तो चितपट होतो आणि कुस्ती निकाली ठरते. जुन्या पद्धतीत वेळेचे बंधन सैल असे व निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडवली जाई. निकाल समजण्यासाठी प्रेक्षकाला फलकाकडे पाहावे लागत नसे.

याच मातीतील पैलवानांना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र वेगळ्या नियमांना सामोरे जावे लागले. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मॅटवरील कुस्ती त्यांच्यासाठी तेव्हा नवी होती. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सांगलीजवळील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मातीचा पाया मॅटवरही उपयोगी पडतो, असे म्हणणारे आणि मॅटचा सराव लवकर सुरू व्हावा, असे म्हणणारे असे दोन्ही पक्ष या पैलवानांचे दाखले देऊ शकतात.

गुणपद्धती व तिच्यातील बदल

आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्ती नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात, प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत खेळली जाते. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवल्यास दोन गुण आणि उभ्या स्थितीतून थेट पाठीवर फेकल्यास चार गुण मिळतात. दहा गुणांची आघाडी झाल्यास लढत संपते. चितपट झाल्यास गुण कितीही असले तरी कुस्ती निकाली ठरते. गुण समान असल्यास मोठ्या गुणांचे डाव, मिळालेल्या ताकिदी आणि शेवटचा गुण यांवरून विजेता ठरतो. त्यामुळे फलकावर बरोबरी दिसत असतानाही एक मल्ल जिंकतो, ही बाब मैदानी कुस्तीच्या प्रेक्षकाला सहज पटत नाही.

हे नियम स्थिर राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिंपिकमधून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. त्यानंतर जागतिक महासंघाने प्रत्येक फेरीचा स्वतंत्र विजेता ठरवण्याची पद्धत सोडून एकूण गुण मोजण्यास सुरुवात केली. निष्क्रिय खेळावरील कारवाईही कडक झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये कुस्तीला ऑलिंपिकमध्ये पुन्हा स्थान मिळाले. खेळ प्रेक्षकाला समजेल असा असावा, ही अपेक्षा या बदलांमागेही होती.

वादग्रस्त लढती

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व मॅट असे दोन विभाग असून त्यांचे विजेते किताबासाठी लढतात. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झालेल्या स्पर्धेत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्यावर ५–४ अशी मात केली. राज्यातील सर्वांत प्रतिष्ठेचा किताब चितपटीऐवजी एका गुणाने ठरला.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड या लढतीत गायकवाड यांना एका डावासाठी दिलेले चार गुण वादाचे कारण ठरले. ही लढत माती विभागातील होती. गुणांवरचा वाद केवळ मॅटपुरता नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे सांगून राक्षे यांनी चित्रफीत पाहण्याची मागणी केली आणि नंतर पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनी अखेरच्या क्षणी निषेध म्हणून मॅट सोडली व मोहोळ विजयी ठरले. राक्षे व गायकवाड यांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. सांगली जिल्ह्यातील दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी निषेध म्हणून आपल्या दोन्ही गदा परत करण्याचे जाहीर केले.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

निकाली कुस्तीच्या समर्थकांच्या मते गुणपद्धतीमुळे थोडी आघाडी घेऊन उरलेला वेळ काढण्याची वृत्ती वाढते आणि दम व ताकद यांची खरी कसोटी लागत नाही. गुणपद्धतीचे समर्थक याच्या उलट बाजू मांडतात. बंधन नसलेल्या कुस्तीत दोन्ही मल्ल दीर्घकाळ केवळ खडाखडी करत राहू शकतात. शिवाय जागतिक स्पर्धेत जायचे तर तेथील नियमांचा सराव हवाच. मैदानी परंपरेत मर्यादित स्थान असलेल्या महिलांना आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्पर्धांनी वाट मोकळी करून दिली, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी किताब जिंकला.

प्रत्यक्षात दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळत आहेत. अनेक मैदानांत आता वेळ ठरवली जाते आणि त्या वेळेत निकाल न लागल्यास कुस्ती गुणांवर लावली जाते.

मूल्यमापन

२०२५ मधील प्रसंगाने वादाची जुनी मांडणी अपुरी ठरवली. गुण वादग्रस्त असू शकतात, पण चितपट सर्वांना दिसते, हा निकाली कुस्तीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता. येथे मात्र चितपटीवरच मतभेद झाला. वेगवान डावात खांदा टेकला की नाही, हे एका कोनातून नेहमीच दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी काही तरतुदी आहेत. चितपटीला मॅटवरील पंचाखेरीज इतर अधिकाऱ्यांचीही संमती लागते. प्रशिक्षकाला गुणांच्या निर्णयाला आव्हान देऊन चित्रफीत तपासण्याची मागणी करता येते. आव्हान फेटाळले गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. ही व्यवस्था सर्व मोठ्या लढतींत सारखीच लागू झाली आणि तपासलेले दृश्य प्रेक्षकांनाही दाखवले गेले, तर दोन्ही पक्षांतील अंतर कमी होऊ शकते. तसे झाल्यास मैदानातील प्रेक्षकाला पूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी मिळणारी खात्री गुणांच्या कुस्तीतही काही प्रमाणात मिळेल. पंचांवरील हल्ल्याचे समर्थन मात्र यांपैकी कोणत्याही भूमिकेतून करता येत नाही. पंचाचा अधिकार मानल्याशिवाय मातीवरही कुस्ती लागत नाही.