बोरीबंदरचा मतदारसंघ आणि आपले मत

मुंबईत मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि जनरल पोस्ट ऑफिस या दोन इमारती एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. तेथून चालत निघाले तर थोड्याच वेळात चर्चगेट येते, आणि तेथे पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. हा सगळा मुलूख लोकसभेच्या दक्षिण मुंबई मतदारसंघात मोडतो. इटारसी, हुबळी, सिकंदराबाद, बडोदा येथे नोकरी करणारे आमचे अनेक मराठी वाचक पासावर एखाद्या फेरीपुरते मुंबईस येतात. त्यांना वाटेल की या एका मतदारसंघाची कुळकथा आम्हाला कशाला? बांधवहो, कारण आहे. रेल्वे कामगाराच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासातले एक मोठे पान याच मतदारसंघात लिहिले गेले आहे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत येथून स. का. पाटील निवडून आले. १९५७ व १९६२ सालीही तेच आले. पाटील मूळचे कोकणातले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, मुंबईचे तीन वेळा महापौर झालेले. शहरातील काँग्रेस त्यांच्या मुठीत होती, व्यापारी वर्ग पाठीशी होता, आणि लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत. संयुक्त महाराष्ट्राला त्यांनी विरोध केला. २० नोव्हेंबर १९५५ ची चौपाटीवरची त्यांची सभा लोकांनी उधळली आणि दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. आजचा हुतात्मा चौक याच मतदारसंघात आहे. तरीही १९५७ साली, शेजारच्या मध्य मुंबईतून समितीच्या पाठिंब्यावर कॉ. डांगे निवडून येत असताना, पाटील आपल्या जागी टिकून राहिले. गिरगावातील मराठी माणसाचा राग एकटा त्यांना हलवण्यास पुरेसा नव्हता. गुजराती व मारवाडी पेढ्या, पारशी वस्ती, भेंडी बाजार, कुलाब्याचा कोळीवाडा हे सर्व येथे शेजारी शेजारी नांदते. कोणा एका समाजाच्या रागावर ही जागा पडत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

१९६४ साली पाटील रेल्वेमंत्री झाले. म्हणजे १९६७ च्या फेब्रुवारीत ते मतदारांपुढे गेले ते आपल्या खात्याचे मंत्री म्हणून. समोर उभे होते जॉर्ज फर्नांडिस, वय ३६. मंगळूरहून मुंबईस आलेल्या या तरुणाने गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांच्या हाताखाली कामगार चळवळीचे धडे घेतले. महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, हॉटेलातले कामगार यांच्या संघटना बांधल्या आणि पुढे तो महापालिकेत नगरसेवक म्हणून गेला. आम्ही त्या वेळी जन्मलोही नव्हतो. जे ऐकले ते शाखेतील निवृत्त मंडळींकडून. ते सांगत की सुरुवातीला ही लढत कोणी गंभीरपणे घेतलीच नाही. देवसुद्धा आपल्याला पाडू शकणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी पाटील बोलून गेले आणि फर्नांडिस यांच्या लोकांनी तेच उचलून भिंतीभिंतीवर चिकटवले: देव नसेल पाडू शकत, पण तुम्ही पाडू शकता! शब्द नेमके काय होते याची शहानिशा आता कोण करणार? पण रस्ता झाडणारा, टॅक्सी हाकणारा, हॉटेलात कपबशा विसळणारा माणूस ते वाचून मतदान केंद्रावर गेला, हे निकालाने सिद्ध केले. पदावर असलेला रेल्वेमंत्री पडला, आणि पडला तो ज्या मतदारसंघात दोन रेल्वेंची मुख्यालये आहेत तेथे.

त्या निवडणुकीतले एक वैशिष्ट्य आमच्या मते पुरेसे सांगितले जात नाही. महापालिकेच्या कामगाराच्या संघटनेत मराठी होते, दलित होते, टॅक्सीवाल्यांत उत्तरेकडचे होते, हॉटेलातले दक्षिणेकडचे. फर्नांडिस स्वतः कोकणी बोलणारे ख्रिस्ती. १९५७ साली जे एका समाजाच्या रागाने जमले नाही, ते दहा वर्षांनी वेगवेगळ्या समाजांतल्या कामकरी माणसांना एकत्र आणल्यावर जमले.

पुढची हकीकत आपल्या घरची आहे. हेच फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले आणि ८ मे १९७४ रोजी देशातील रेल्वेचा संप सुरू झाला. त्याआधीच, २ मे रोजी, त्यांना लखनौला अटक झाली होती. वीस दिवस संप चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींतून बायकामुलांना घराबाहेर काढण्यात आले. संप मोडला गेला. पण ज्या बोनससाठी तो झाला, तो उत्पादकतेशी निगडित बोनस १९७९ साली रेल्वे कामगाराच्या पदरात पडलाच. आज दसऱ्याच्या आधी खात्यावर रक्कम जमा होते तेव्हा नव्या भरतीतल्या मुलांना वाटते की ही सरकारची कृपा आहे. त्यांना हे सांगणे आपले काम आहे. डिसेंबर १९८९ मध्ये फर्नांडिस स्वतः रेल्वेमंत्री झाले आणि १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पाटलांसारखा कोकणचा सुपुत्र रेल्वे भवनात बसून गेला, आणि कोकणात गाडी नेण्याचे काम मात्र त्यांना हरवणाऱ्या मंगळूरकराच्या हातून मार्गी लागले! फर्नांडिस यांनी पुढे कोणाशी सोयरीक केली यावर आमच्या कार्यकारिणीतही दोन मते आहेत. तो वाद येथे उकरत नाही.

दक्षिण मुंबईने मात्र त्यांना एकदाच निवडून दिले. १९७१ साली, इंदिरा गांधींच्या ‘गरिबी हटाव’च्या लाटेत, काँग्रेसचे डॉ. कैलास विजयी झाले आणि फर्नांडिस हरले. चार वर्षांपूर्वी ज्या गल्ल्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांनीच पाठ फिरवली. संघटनेचा सभासद हा आपला मतदार आहेच, असे धरून चालणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने, आम्हीही त्यात आलो, हा निकाल ध्यानात ठेवावा. वर्गणी देणारा हात मत कोणाला देईल याची पावती फाडता येत नाही.

त्यानंतरचा काळ भराभर सांगता येतो. १९७७ व १९८० साली जनता पक्षाचे रतनसिंह राजदा, १९८४, १९८९ व १९९१ साली काँग्रेसचे मुरली देवरा, १९९६ साली भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९८ ला पुन्हा मुरली देवरा, १९९९ ला पुन्हा मेहता, २००४ साली मुरलीभाईंचे चिरंजीव मिलिंद देवरा. जागा या हातातून त्या हातात गेली, पण १९६७ सारखी कामगाराची मोट पुन्हा बांधली गेली नाही.

ती बांधली गेली शेजारी, गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप होरपळून निघाल्यावरही, १९८४ च्या डिसेंबरात, देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण मध्य मुंबईतून डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. संप हरलेल्या कामगाराने आपला पुढारी निवडून दिला. पण १९८९ ला ती जागा शिवसेनेचे वामनराव महाडिक यांच्याकडे गेली आणि १९९१ पासून सलग पाच वेळा मोहन रावले निवडून आले. गिरण्या बंद पडत गेल्या तसे कामगार म्हणून मत देणे मागे पडत गेले.

मतदारसंघांची २००८ ची पुनर्रचना झाली आणि वरळी, शिवडी, भायखळा हे भाग मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा यांच्याबरोबर दक्षिण मुंबईत आले. म्हणजे गिरणगाव आणि पेढ्या एका मतदारसंघात आल्या. पण आल्या केव्हा? गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहू लागल्यावर. २००९ साली मिलिंद देवरा जिंकले तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या मनसेच्या व तिसऱ्या क्रमांकाच्या शिवसेनेच्या उमेदवारांची मते मिळून विजयी मतांपेक्षा जास्त भरत होती. आणि त्या वर्षी मतदान झाले सुमारे ४० टक्के. पाचच महिन्यांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, याच मतदारसंघात बोरीबंदरच्या फलाटांवर माणसे गोळ्यांनी मारली गेली होती, आणि रेल्वेचा उद्घोषक जिवाची पर्वा न करता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याचा मार्ग सांगत होता. त्यानंतर मेणबत्त्या पुष्कळ लागल्या. मतदान ३० एप्रिलला होते, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी, पुढे शनिवार-रविवार. मेणबत्त्यावाल्यांपैकी किती जण लोणावळ्याला गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

२०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुका अरविंद सावंत यांनी जिंकल्या. २०२४ साली शिवसेनेचे दोन तुकडे झाल्यावर, ठाकरे गटाकडून. टपाल-तार खात्याच्या जुन्या बांधवांना ठाऊक असेल की सावंत हे मुंबईच्या टेलिफोन निगमातले, तेथील कामगार संघटनेत काम केलेले. २० मे २०२४ रोजी येथे सुमारे ५० टक्के मतदान झाले.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. बोरीबंदर, चर्चगेट आणि जीपीओ येथे रोज जे हजारो रेल्वे-टपाल कर्मचारी हजेरी लावतात, त्यांपैकी बहुतेकांचे घर आणि मत कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल इकडे आहे. जागेच्या भावाने कामगाराला दक्षिण मुंबईबाहेर काढले. हे एकवेळ समजू शकते. पण जेथे घर आहे तेथे तरी त्याला मत देता येते का?

१९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५-ब हे कलम आले आणि मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीचा हक्क मिळाला. पण त्याच कलमात अपवाद आहे: ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्याला हा हक्क नाही. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, ट्रॅकमन, लोको पायलट, गाड्यांवरचे आरएमएसचे कर्मचारी यांची गैरहजेरी धोक्याचीच. म्हणजे निवडणूक पथके आणि बंदोबस्ताचे जवान ज्या विशेष गाड्यांनी जातात, त्या गाड्या चालवणारा स्वतः मतदानाला मुकतो. लष्करातील जवानाला सेवा मतदाराचा दर्जा आहे. चोवीस तास मुख्यालयाबाहेर राहणाऱ्या रनिंग स्टाफला नाही. बदल्यांचा त्रास वेगळाच. एका निवडणुकीत आम्ही स्वतः नव्या गावी केंद्रावर गेलो तर यादीत नाव नाही. जुन्या गावी विचारले तर वगळलेले. संबंधित कार्यालयाने खांदे उडवले. शाई न लागलेले बोट घेऊन आम्ही सेकंड शिफ्टला हजर झालो.

२०१९ साली निवडणूक नियमांत दुरुस्ती होऊन अत्यावश्यक सेवेतील गैरहजर मतदारांना टपाली मताची सोय झाली. त्यासाठी फॉर्म १२-ड आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत, खात्याच्या नोडल अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. कोणती खाती व कोणत्या सेवा त्यात धरायच्या हे आयोग अधिसूचनेने ठरवतो. तुमच्या राज्यात रेल्वे व टपाल त्यात आहे का, असल्यास कोणती पदे, हे शाखा सचिवांनी डिव्हिजनल ऑफिसकडे लेखी विचारावे. तोंडी उत्तर घेऊ नये. पाच दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून मतदानाच्या दिवशी लिंकमध्ये बाहेर असणाऱ्यांची नावे क्रू लॉबीतून आधीच काढून ठेवावीत. बदली झालेल्यांनी फॉर्म ८ भरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा असल्याने वर्षभर थांबण्याचे कारण उरलेले नाही.

एक सावधगिरी. आपल्या वर्तणूक नियमांप्रमाणे आपल्याला मत देता येते, प्रचार करता येत नाही, आणि मत कोणाला दिले किंवा देणार हे दर्शवताही येत नाही. तेव्हा हे काम करताना कोणत्याही पक्षाचे नाव शाखेच्या फलकावर येता कामा नये. ज्या शाखांनी असा लेखी पत्रव्यवहार केला असेल, त्यांनी मिळालेल्या उत्तरांच्या प्रती या विभागाकडे पाठवाव्यात. नकार मिळाला असेल तर तो अवश्य पाठवावा. पुढील अंकात आम्ही राज्यवार छापू.