गळत्या हायड्रोजनचा हिशेब

‘जाळला तर फक्त पाणी’ हे हायड्रोजनचे वर्णन खरे आहे, पण अर्धेच. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले धोरण आणले. एवढा पैसा पणाला लागत असताना नाण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी.

पहिला प्रश्न, हा वायू येतो कुठून? आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून तो एक किलो मिळवताना सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यापासून मिळवायचा तर किलोमागे सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि हाती येते ती सुमारे ३३ युनिटांची ऊर्जा. ही वीज कोळशाची असेल, तर सगळाच आतबट्ट्याचा व्यवहार.

दुसरा प्रश्न गळतीचा. हायड्रोजनचा रेणू सर्वांत लहान. सांधे आणि झडपांतून तो सहज निसटतो. हवेतील मिथेन नष्ट करणारे हायड्रॉक्सिल कण तो खर्ची घालतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकून राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापवणारा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. घरगुती गॅस गळला की मुद्दाम मिसळलेल्या वासाने कळते. शुद्ध हायड्रोजनला वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असतानाच पेटतो. हायड्रोजन ४ ते ७५ टक्के असला तरी पेटतो. उघड्यावर तो झटकन वर निघून जातो, बंदिस्त जागेत मात्र साचतो. जून २०१९ मध्ये नॉर्वेतील सँडविका येथे हायड्रोजन भरणा केंद्रात स्फोट झाला. तपासात आढळले की, टाकीच्या बुचाचे बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते.

म्हणून हायड्रोजन नाकारायचा का? मुळीच नाही. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांना तो आजही लागतोच; तिथे आधी तो हरित व्हावा. पोलादनिर्मितीतही त्याला फारसा पर्याय नाही. स्वयंपाकघरातल्या पाइपमध्ये मात्र २० टक्के हायड्रोजन मिसळला, तरी कार्बन जेमतेम सात टक्के घटतो. एवढ्या लाभासाठी घरोघरी नवी जोखीम कशाला?

केंद्राच्या व्याख्येनुसार किलोमागे दोन किलोपर्यंत कार्बन उत्सर्जन असलेला हायड्रोजन ‘हरित’ ठरतो. त्याबरोबरच प्रत्येक प्रकल्पाने गळती मोजावी, ती जाहीर करावी आणि अनुदान त्या आकड्याशी जोडले जावे. गळती मोजलीच नाही, तर ‘हरित’ ही निव्वळ पाटी ठरेल.