काल, उद्या आणि मधली गाळलेली जागा

सिडनी शहरातील ॲबोरिजिनल स्थळे पायी हिंडून पाहता यावीत म्हणून तिथल्या नगर परिषदेने एक पुस्तिका काढली. तिचे नाव ‘बरानी बर्राबुगू’. शब्द सिडनी परिसराच्या मूळ भाषेतले; अर्थ ‘काल, उद्या’. तीतील एक वाट रेडफर्न या उपनगरातून जाते. या वाटेविषयी, आणि तिच्यासारख्या वाटांकडे साहित्याचे अभ्यासक म्हणवणारे आपण ज्या नजरेने पाहतो त्या नजरेविषयी, काही गोष्टी स्पष्टपणे बोलणे आवश्यक झाले आहे.

‘ॲबोरिजिनल कथा’ म्हटले की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते : इंद्रधनुष्यी सर्प, लाल खडक आणि ‘ड्रीमटाइम’ नावाचा कोणे एके काळचा धूसर स्वप्नकाळ. लोकसाहित्याच्या पेपरात ‘आदिम मिथके’ या मथळ्याखाली त्यांचा उल्लेख केला की आपण मोकळे होतो. अशा वाचकाला रेडफर्नची वाट दाखवली तर तो निराश होतो. तिथे थांबे आहेत ते रेल्वेच्या कारखान्याचे, एका पबचे, दवाखान्याचे, नाटकघराचे. यात कथा कुठे आहे, हे तर समाजशास्त्र झाले, असा त्याचा आक्षेप असतो.

हा आक्षेप मुळातच भाषांतराच्या घोटाळ्यातून जन्मलेला आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्ंते लोकांच्या एका संज्ञेला बाल्डविन स्पेन्सर या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘स्वप्नकाळ’ असा प्रतिशब्द दिला आणि तो जगभर रूढ झाला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी दाखवून दिले, की या कल्पनेला भूतकाळात बांधून ठेवता येत नाही; ती सर्वकाळ चालू असलेली गोष्ट आहे. म्हणजे ‘कोणे एके काळी’ हा पालुपदाचा भाग आपण जोडलेला आहे. ज्या परंपरेत कथा विशिष्ट भूमीची असते, ती कोणी सांगावी याचेही नियम असतात, त्या परंपरेला ‘प्राचीन’ म्हणून गौरवणे हा तिला वर्तमानातून हद्दपार करण्याचा सभ्य मार्ग आहे.

आता ते थांबे पाहा. ईव्हलीच्या रेल्वे कारखान्यांत रोजगार मिळे म्हणून दूरदूरची ॲबोरिजिनल कुटुंबे रेडफर्नला येऊन राहिली. ‘एम्प्रेस हॉटेल’ या पबमधून पोलीस त्यांना ऊठसूट धरून नेत. त्या छळाची नोंद तरुण कार्यकर्ते ठेवू लागले आणि त्यातून १९७० साली ॲबोरिजिनल विधी सेवा उभी राहिली. १९७१ साली त्यांचा स्वतःचा दवाखाना निघाला. १९७२ साली ब्लॅक थिएटर सुरू झाले आणि १९७५ साली तिथे रॉबर्ट मेरिट यांनी तुरुंगात लिहिलेले ‘द केक मॅन’ हे नाटक रंगभूमीवर आले. रेडफर्न पार्कमध्ये १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी भाषण केले. जमीन हिरावणे, मुले आईपासून तोडणे या क्रिया तोवर सरकारी भाषेत कर्मणी प्रयोगात येत असत. त्या भाषणाने त्यांना कर्ता दिला, आणि तो ‘आम्ही’ असा होता. व्याकरणाची ही घटना ज्या साहित्यशिक्षकाला कथेइतकी महत्त्वाची वाटत नाही, त्याने आपला विषय पुन्हा तपासावा.

दुसरा आक्षेप अधिक हुशार मंडळींचा. त्यांच्या मते अशी प्रत्येक वाट म्हणजे दुःखाचे पर्यटन, स्मृतीचा बाजार. हा निष्कर्ष फार स्वस्त आहे. २६ जानेवारी १९३८ रोजी, गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना, ॲबोरिजिनल लोकांनी सिडनीच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये ‘शोकदिन’ पाळला. सभा त्यांची, पण प्रवेश मागच्या दाराने. ज्या देशात १९९२ च्या माबो निकालापर्यंत ही भूमी कायद्याच्या लेखी निर्मनुष्यच होती, तिथे एखाद्या भिंतीजवळ थांबून ‘इथे आम्ही होतो’ असे सांगणे ही साक्ष असते. साक्षीला पर्यटन म्हणणे साक्षीदारापेक्षा आरोपीच्याच सोयीचे असते.

खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो या दोन्ही पक्षांनी टाळलेला आहे. रेडफर्न स्थानकालगतची ‘द ब्लॉक’ ही वस्ती १९७३ साली व्हिटलम सरकारच्या अनुदानातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीच्या मालकीची होऊ लागली. २००४ च्या फेब्रुवारीत एका १७ वर्षांच्या ॲबोरिजिनल मुलाच्या मृत्यूनंतर इथेच पोलिसांशी रात्रभर संघर्ष झाला. पुढे घरे पाडली गेली. पुनर्विकासात आधी व्यापारी इमारती की आधी माणसांची घरे, यावरून २०१४ साली मोकळ्या जागेवर तंबू पडले आणि २०१५ पर्यंत राहिले. आज तिथे ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी परवडणारी ६२ घरे आहेत आणि शेजारी विद्यार्थ्यांच्या निवासाचा उंच मनोरा आहे. कंपनीचे म्हणणे, मनोऱ्याच्या उत्पन्नाशिवाय घरे उभी राहिली नसती. हा वाद ॲबोरिजिनल लोकांमधलाच होता, त्याचा निवाडा पुण्यामुंबईत बसून आपण करू नये. पण एवढे तर दिसते, की आसपासची भाडी चढत गेली, ज्यांच्या आठवणींनी वाट घडली त्यांपैकी कित्येकांना तिच्या काठी राहणे परवडेनासे झाले. ‘काल’ आहे, ‘उद्या’ आहे. शीर्षकात ‘आज’ तेवढा नाही. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे साठ टक्के ऑस्ट्रेलियन मतदारांनी मूलनिवासींच्या घटनात्मक सल्लागार मंडळाला नकार दिला, तेव्हाही गाळलेली जागा तीच होती. कथा ऐकायला सगळे तयार, सल्ला ऐकायला नाही.

सिडनी विद्यापीठात शिकणारी आपल्याकडची मुलेही रेडफर्न स्थानकावर उतरून त्याच रस्त्यांनी वर्गात जातात. तेव्हा हा प्रश्न आपल्याला सर्वस्वी परका नाही. वर्गात ॲबोरिजिनल कथा जरूर शिकवाव्यात. मात्र ती कोणत्या भूमीची, सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि सांगणारा आज त्या भूमीवर राहू शकतो का, हे तीन प्रश्न सोबत विचारावेत. तिसरा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा वाटत असेल, तर अभ्यासक्रमच बदलायला हवा.