मोजून दिलेले विष

सिस्प्लॅटिन सलाइनमध्ये मिसळायचे; क्लोराइड नसलेल्या डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा रेणू बिघडतो. त्याच कुळातले ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र सलाइनमध्ये बिघडते, म्हणून ते डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ते ज्या द्रावकात येते तो नेहमीच्या पीव्हीसीच्या पिशवीतून आणि नळीतून रसायने ओढून घेतो, तेव्हा पिशवी वेगळी, नळी वेगळी आणि वाटेत बारीक गाळणी. रुग्ण ज्याला नुसते ‘लाल औषध’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनचा तर आयुष्यभराचा हिशेब ठेवायचा. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमची बेरीज ओलांडली की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. मग आधीचे डोस कितीही वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरने दिलेले का असेनात.

हे सगळे कोणाला तरी ठाऊक असावे लागते आणि ऐन वेळी आठवावे लागते. काही देशांत त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो: कर्करोगाच्या औषधांचा खास अभ्यास केलेला क्लिनिकल फार्मासिस्ट. आपल्याकडे मोजकी मोठी रुग्णालये सोडली तर हे ज्ञान विखुरलेले असते. थोडे डॉक्टरच्या डोक्यात, थोडे सिस्टरच्या वहीत, आणि उरलेले औषधाच्या खोक्यातल्या त्या घडीच्या कागदावर, जो खोके उघडताच कचऱ्यात जातो.

कर्करोगाच्या औषधांचा ऐंशी वर्षांचा इतिहास आपण शोध लावणाऱ्यांच्या नावांनी सांगतो. तो मात्रेच्या बाजूने वाचला तर निराळा दिसतो. सुरुवातच युद्धातल्या विषवायूपासून आहे. मस्टर्ड गॅसने मेलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात, हे पहिल्या महायुद्धानंतर नोंदले गेले होते. १९४२ साली येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिले. मात्रा ठरवायला माणसांवरचा कोणताही अनुभव नव्हता. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून अंदाज बांधला होता. गाठी वितळल्या, पण अस्थिमज्जाही खचली. गाठी परत आल्या आणि रुग्ण वाचला नाही. पुढच्याच वर्षी, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या एका अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बॉम्ब होते. ते फुटले आणि माणसाच्या रक्तावर या विषाचा काय परिणाम होतो याचा भयानक पुरावा हाती आला. युद्धकाळातली गुप्तता असल्याने येलचे निष्कर्ष थेट १९४६ मध्ये छापले गेले. मारणारी आणि तारणारी मात्रा किती जवळजवळ असतात, हे या शास्त्राला जन्मापासून ठाऊक होते.

दुसरा धागा आंध्रातून जातो. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फॉलिक आम्लावर काम करत होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. हा निबंध जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. अमिनोप्टेरिनचेच भावंड मेथोट्रेक्सेट आज कर्करोगाच्या वॉर्डात आहे आणि संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागातही. मोठ्या मात्रेत ते दिले तर ठरावीक तासांनी उतारा द्यावा लागतो आणि लघवी अल्कधर्मी ठेवावी लागते. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते कोणी रोज घेतले तर जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका जगभर झाल्या आहेत.

मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून काढायची पद्धतही याच काळात रूढ झाली. त्यासाठी वापरले गेलेले सूत्र द्यू बॉय यांचे, १९१६ सालचे. ते अवघ्या ९ माणसांच्या मोजमापांवर बेतलेले आहे! आजही उंची आणि वजन घालून कॅल्क्युलेटरवर जे आकडे निघतात, त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी हीच ९ माणसे आहेत. ही बाब फार्मासिस्टला ठाऊक असते, म्हणून तो दशांशचिन्हापुढच्या आकड्यांनी भारावून जात नाही. वजन मात्र आजच केले आहे का, हे तो पुन्हा विचारतो. तीन आठवड्यांत सहा किलो उतरलेल्या माणसाला जुन्या वजनाचा डोस लावला तर सूत्र बरोबर असून उत्तर चुकते.

या इतिहासात आपल्या मातीतलाही एक माणूस आहे, आणि मराठी वाचकाला त्याचे नाव सहसा माहीत नसते. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि उत्तर कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६६ मध्ये या जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलची, रचना प्रसिद्ध केली. कॅम्प्टोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले, आणि मग कोकण-घाटमाथ्यावरच्या नरक्याची जी तोड झाली ती वेगळीच कहाणी आहे. टॅक्सॉलची रचना छापून आली त्यानंतर ते औषध म्हणून मंजूर व्हायला २१ वर्षे लागली. विलंबाचे एक मोठे कारण हेच होते की ते विरघळत नव्हते. जो द्रावक सापडला त्याने काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होई. म्हणून आधी स्टिरॉइड, मग अ‍ॅलर्जीवरची औषधे, मग सावकाश सलाइन असा क्रम बसवावा लागला. नंदुरबारच्या वाणींनी शोधलेला रेणू नंदुरबारच्या रुग्णापर्यंत सुखरूप पोहोचायचा, तर वाटेत हा क्रम पाळणारा माणूस लागतोच.

१९६० च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकदमच घडल्या. हॉजकिनच्या आजारावर चार औषधे एकत्र द्यायची पद्धत अमेरिकेत सुरू झाली. एका औषधाची चूक एकदाच होते. चार औषधे, चौदा दिवस आणि सहा फेऱ्या असे गणित झाले की चुकीच्या जागा किती होतात ते वाचकाने स्वतःच मोजावे. आणि १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात, नवव्या मजल्यावरच्या वॉर्डात फार्मासिस्ट बसवण्याचा प्रयोग झाला. तोवर तो तळघरातल्या औषध विभागात खिडकीमागे असायचा. चिठ्ठी यायची, बाटली जायची. नवव्या मजल्यावर त्याला रुग्णाचे कागद दिसू लागले, डॉक्टरशी तोंडोतोंड बोलता येऊ लागले. माझ्या मते क्लिनिकल फार्मसीचा खरा जन्म या जिन्यावर झाला. चिठ्ठी पाहणारा माणूस रुग्ण पाहू लागला, एवढाच तो फरक होता.

१९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे अंश सापडतात. तोपर्यंत कित्येक ठिकाणी त्या वॉर्डातल्या टेबलावरच कुपी फोडून औषध तयार करत असत. मग उभ्या हवेच्या प्रवाहाच्या बंदिस्त काचपेट्या आल्या, जाड हातमोजे आले आणि मिसळण्याचे काम औषध विभागाकडे गेले. आपल्याकडे आजही लहान रुग्णालयांत ते सिस्टरच्या टेबलावर चालते. त्या सिस्टरला कोणी विचारत नाही, आणि तीही कोणाकडे तक्रार करत नाही.

तरीही फार्मासिस्ट नेमला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी पुढच्या दोन घटना वाचाव्यात.

१९९४ च्या अखेरीस बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत, म्हणजे ज्या संस्थेला फार्बर यांचेच नाव आहे तिथे, ‘बॉस्टन ग्लोब’च्या आरोग्यविषयक स्तंभलेखिका बेट्सी लेहमन यांना सायक्लोफॉस्फामाइड देण्यात आले. चार दिवसांत विभागून द्यायची एकूण मात्रा त्यांना रोज, चारही दिवस दिली गेली. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट यांपैकी कोणीही थांबवले नाही. संशोधनाची मात्रा मोठी असते, लिहिणाऱ्याला कळत असेलच, असे प्रत्येकाला वाटले. चूक उघडकीस आली ती मृत्यूनंतर दोन महिन्यांहून अधिक काळाने, कागदपत्रांची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातून. जगातले उत्तम डॉक्टर तिथे होते. औषध विभागही होता. नव्हता तो मात्रेची कमाल मर्यादा ओलांडली की काम अडवण्याचा नियम. त्यानंतर तो आला.

दुसरी घटना व्हिंक्रिस्टीनची. सदाफुलीतून काढलेले हे औषध शिरेतून दिले की कर्करोगावर चालते. तेच चुकून मणक्यात गेले की जवळजवळ नेहमीच मृत्यू, आणि तोही हळूहळू, वर सरकत जाणाऱ्या लकव्याने. २००१ च्या जानेवारीत नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात १८ वर्षांच्या एका मुलाच्या मणक्यात ते टोचले गेले. मणक्यासाठीचे औषध आणि शिरेसाठीचे औषध अशा दोन्ही सिरिंज एकाच वेळी वॉर्डात पोहोचल्या होत्या. त्या पाठवल्या होत्या औषध विभागानेच. अशा पन्नासहून अधिक घटना १९६८ पासून जगभर नोंदल्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ‘काळजी घ्या’ अशी पत्रके निघाली होती. पत्रकाने थकलेला हात थांबत नाही. अखेर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की व्हिंक्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, लहान पिशवीत पाठवा. सलाइनची पिशवी मणक्याच्या सुईला जोडायचे कोणाच्याही मनात येत नाही. या एका बदलाचे मोल मला कित्येक नव्या औषधांपेक्षा जास्त वाटते. तो करायला फारसे पैसे लागत नाहीत. औषध विभागातल्या माणसाने सिरिंज भरून द्यायला नकार द्यायचा, इतकेच.

अमेरिकेत फार्मासिस्टच्या या कामाला १९९६ मध्ये स्वतंत्र विशेषज्ञ-शाखेची मान्यता मिळाली. आता तिथला फार्मासिस्ट कार्बोप्लॅटिनची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून काढतो, मर्कॅप्टोप्युरिनबरोबर कोणी युरिक आम्लासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केले तर मात्रा चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली आणायला सांगतो, आणि गोळ्या घरी नेणाऱ्या रुग्णाशी बोलतो. हे शेवटचे काम आपल्याकडे सर्वांत जास्त लागेल. रक्ताच्या कर्करोगावरच्या डासाटिनिबला पोटातले आम्ल लागते. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर सवयीने आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची गोळी असते, आणि ती नसली तर रुग्ण मेडिकलमधून स्वतःच घेतो. वर काढा असतो, शेजाऱ्याने दिलेला गुळवेलीचा रस असतो. गुळवेलीनंतर यकृताला झालेल्या इजेचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेव्हा वाद खूप झाला. पण केमो चालू असताना ‘घरी आणखी काय घेता?’ हा प्रश्न नियमाने विचारणारा माणूस त्यातून कुठल्या वॉर्डात बसला नाही.

आपण औषध तयार करायला शिकलो, स्वस्त करायला शिकलो. मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचे पेटंट नाकारले आणि महिन्याला लाखाच्या वर जाणारे औषध दहा हजारांच्या आसपास मिळत राहिले. २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील नफ्याला सरकारने ३० टक्क्यांची मर्यादा घातली. या लढाया मोठ्या होत्या आणि आपण त्या जिंकलो. पण औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आपण फारसे बोललो नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीतली आणि तपासणीतली सडलेली साखळी उघडी केली. त्यानंतरची चर्चाही खरेदी आणि तपासणी यांच्याभोवतीच फिरली. रुग्णालयातला फार्मासिस्ट साठ्याची वही सांभाळत खिडकीमागेच राहिला.

२००८ मध्ये सहा वर्षांची फार्म. डी. पदवी आली, नंतर नियमावलीत क्लिनिकल फार्मासिस्ट हे पदही आले. पदवी आहे, नियम आहे. सरकारी रुग्णालयाच्या आस्थापनेवर जागा मात्र क्वचितच असतात. मग यातली कितीतरी मुले-मुली मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत बसून परदेशी रुग्णांना झालेल्या दुष्परिणामांचे अहवाल संगणकात भरतात. काम प्रतिष्ठेचे आहे, पगारही ठीक आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप ठाऊक आहे: माझी मात्रा तपासणारा हा कोण? बॉस्टनच्या त्या वॉर्डातही नेमका याच प्रश्नाचा संकोच आडवा आला होता.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. गडचिरोलीच्या माणसाला दर तीन आठवड्यांनी नागपूर गाठावे लागू नये, ही गोष्ट चांगलीच आहे. पण केंद्र म्हणजे खुर्च्या, पंप आणि औषधांचा साठा एवढेच धरले, तर टाटासारख्या रुग्णालयात तिघांच्या डोळ्यांखालून जाणारी पिशवी जिल्ह्यात एकाच थकलेल्या हाताने भरली जाईल. प्रत्येक जिल्ह्यात विशेषज्ञ बसवणे लगेच जमणार नाही, हे मान्य. वैद्यकीय महाविद्यालयात एक प्रशिक्षित फार्मासिस्ट नेमून त्याला आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांच्या केमोच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी संगणकावर तपासायला देता येतील. टिकणारी औषधे तिथेच मिसळून पाठवता येतील. त्याच्या सहीशिवाय कुपी फुटणार नाही, असा एका ओळीचा शासन निर्णय लागेल. आणि व्हिंक्रिस्टीन पिशवीतच, हे तर त्याचीही वाट न पाहता उद्यापासून करता येईल.